लाभार्थीचे नाव

धनादेश लिहिताना आपण नाव आधी लिहितो. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते स्वाभाविकच आहे. कोणाला द्यायचे हे ठरल्यावर मग किती द्यायचे हा प्रश्न येतो. घेणाऱ्याच्या खात्याचा क्रमांक काय, याची धनादेशाला गरजच नसते. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत संगणकामार्फत पैसे पाठवण्याचा छापील अर्ज २०११ साली आमच्या हाती प्रथम पडला, तेव्हा त्यातही लाभार्थीच्या नावाचा रकाना होता. आम्ही तो वळणदार अक्षरात भरला. त्या रकान्याची खरी किंमत कळायला आम्हाला चार महिने आणि आठ हजार रुपये लागले. रुपये पुढे परत मिळाले. त्यांच्याबरोबर जे कळले त्याचे काय करावे हे मात्र अजून उमगलेले नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

पैसे आत्याचे होते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिचे सारे आयुष्य गेले, आणि आतोबांचे मुंबईत, लालबागच्या एका गिरणीच्या साचेखात्यात. गावाकडच्या दहा-बारा जणांनी मिळून घेतलेली खोली, पाळीप्रमाणे झोपायची जागा, खाणावळीचा डबा, आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला गावी मनीऑर्डर. कोकणाला त्या काळी मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. म्हणणाऱ्यांच्या स्वरात कधी कीव असे, कधी उपहास. पण ज्या घरात ती येत असे त्या घरात हा शब्द फार अदबीने उच्चारला जाई. आम्ही सुट्टीत आत्याकडे असलो की दुपारच्या वेळी तिचे एक लक्ष पाणंदीकडे असे. पोस्टमन पडवीत टेकायचा, गूळपाणी घ्यायचा, मग पिशवीतून तो लांबट कागद काढायचा. आत्या आधी अंगठा उठवीत असे, आणि अंगठ्याला साक्षीदार लागतो म्हणून शेजारच्या काकांना हाक जाई. आपल्या घरात किती पैसे आले हे दर महिन्याला शेजाऱ्याला कळते, या एकाच कारणासाठी ती सही करायला शिकली. पहिली सही तिने आमच्या पाटीवर गिरवली होती, हे आम्हाला चांगले आठवते.

त्या कागदाचे तीन भाग असत. मुख्य भाग पोस्टाकडे राही. एका भागावर आत्याची सही होऊन तो पोचपावती म्हणून आतोबांकडे परत जाई. तळाचा एक चतकोर तुकडा आत्याला मिळे, आणि त्यावर पाठवणाऱ्याला चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. आतोबा चौथी शिकलेले. त्या जागेत ते अख्खा महिना बसवीत. ‘पाऊस लागला काय. तांबडीस पेंढा कमी पडू देऊ नये. ताईच्या वराचे बघतो. मी खुशाल.’ पुढे आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांना सारांशलेखन शिकवले. पण इतके काटेकोर लेखन आमच्याकडून एकदाही झाले नाही. आतोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक गावी आली, तिच्या तळाशी त्या पोचपावत्या निघाल्या, दोऱ्याने बांधलेल्या, वर्षावर्षाचे गठ्ठे करून. आत्याकडच्या चतकोर चिठ्ठ्या तांदळाच्या कणगीशेजारच्या डब्यात होत्या. तो एकच पत्रव्यवहार दोन ठिकाणी ठेवलेला होता. एका बाजूला चार ओळींचा मजकूर आणि दुसऱ्या बाजूला नुसती सही. आधी अंगठे, मग लटपटत्या सह्या, मग ठरलेल्या वळणाची सही. त्या सहीतून आतोबांना काय कळत असेल ते त्यांनाच ठाऊक. आपले माणूस आहे, हाताने धरून पैसे घेते आहे, एवढे तर नक्कीच कळत होते.

टपाल खात्याने मनीऑर्डरीची ही सेवा १८८० मध्ये सुरू केली, आणि जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये थांबली. मधल्या काळात तिच्यावर किती संसार चालले याचा हिशेब कोणी मांडला तर तो फक्त रुपयांत मांडू नये, असे आम्हाला वाटते.

आत्याकडची मनीऑर्डर त्याआधी एकदा थांबली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. आत्याला मात्र तो वर्तमानपत्रातून कळला नाही. फेब्रुवारीत आलेली रक्कम निम्मी होती, मार्चमध्ये त्याच्याही निम्मी, आणि नंतर पोस्टमन पाणंदीने सरळ पुढे निघून जाऊ लागला. शेवटच्या चिठ्ठीवर नेहमीपेक्षा कमी शब्द होते. तिने पत्र घालून विचारले नाही. तो बंद झालेला पैसा आतोबांना तिच्यापेक्षा जास्त बोचत असेल हे तिला समजत होते, आणि विचारणे म्हणजे त्याला तोंड देणे. ती शेजारच्या वाडीत मोलाने लावणीला गेली. आतोबा काही वर्षांनी गावी आले ते आजार घेऊनच.

आतोबांच्या मागे आम्ही पुण्याहून दर महिन्याला तिला थोडे पैसे पाठवू लागलो. अर्थात मनीऑर्डरनेच. प्राध्यापकाच्या लेखणीतून त्या चतकोर जागेत काय उतरत होते, हे सांगायला संकोच वाटतो. ‘सा. न. वि. वि. रक्कम पाठवीत आहे. प्रकृतीस जपावे.’ महिन्यामागून महिने तेच. पण पोचपावती येई, तिच्यावर ती सही असे, आणि आम्ही ती पाहून फायलीत लावीत असू. २०११ च्या वसंतात मुलीने हा प्रकार हास्यास्पद ठरवला. “बाबा, दोन हजारांवर शंभर रुपये कमिशन? एनईएफटीला पाच रुपये लागतात.” हिशेब खरा होता, वीस रुपयांमागे एक रुपया हा टपालाचा दर होता. शिवाय गावचा जुना पोस्टमन निवृत्त झाला होता आणि नवा माणूस पैसे वाण्याच्या दुकानी ठेवून जाई. आत्याचे तालुक्याच्या गावी एका बँकेत नुकतेच खाते उघडले होते. आमचे खाते निराळ्या बँकेत. दोहोंच्या मध्ये रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था होती.

अर्ज भरताना आम्हाला गंमत वाटली हे कबूल केले पाहिजे. आयएफएससी नावाची ती अकरा वर्णांची ओळ पाहून आम्ही तिची मात्रागणना करू लागलो: पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटचे सहा वर्ण शाखेचे, आणि मध्ये, पाचव्या जागी, एक शून्य. ते शून्य भविष्यातल्या उपयोगासाठी राखून ठेवलेले असते. इतका निरर्थक आणि इतका अपरिहार्य वर्ण कोणत्याही वृत्तात आमच्या पाहण्यात आलेला नाही. मग खाते क्रमांक. तो दोनदा लिहायचा होता, दुसऱ्या वेळेने पहिल्याची खातरी व्हावी म्हणून. आमचा हात मात्र दोन्ही वेळा आमचाच होता. चाळीस वर्षे गुणपत्रकांवर आम्ही देवनागरी आकडे लिहिले. बँकेत इंग्रजी आकडे लिहायचे हे पक्के ठाऊक असूनही मध्येच कुठे तरी हात आपल्या वळणावर गेला आणि एक देवनागरी चार पडला. दोनदा पडला. देवनागरी चाराची वरची दोन टोके जरा जवळ आली की तो इंग्रजी आठ दिसतो. (एकाची आणि इंग्रजी नवाची गल्लत तर प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी केलेली असते.) काउंटरवरच्या कारकुनाने तो आठ वाचला, यात त्याचा काय दोष? लिपी दोन, वाचणारा घाईत, आणि दुर्दैवाने आठ घालून जो क्रमांक होत होता तोही त्याच शाखेतला चालू खातेक्रमांक निघाला.

तिथेच भर म्हणून आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेची कायमची सूचना देऊन ठेवली. यापुढे आपल्याला काही करावे लागणार नाही, असे कारकून म्हणाला, आणि ते आम्हाला आवडले. लक्षात ठेवण्याचा एक भार उतरला. आज मागे पाहताना सर्वांत जास्त टोचते ते आकड्याचे वळण नव्हे, ते आवडणे.

मे, जून, जुलै, ऑगस्ट. दर पाच तारखेला फोनवर दोन संदेश येत. एकात आपल्या खात्यातून रक्कम गेली असे असे. दुसरा थोड्या वेळाने येई: रक्कम लाभार्थीच्या खात्यात जमा झाली. पाठवणाऱ्याला हा दुसरा निरोप मिळावा अशी सोय रिझर्व्ह बँकेने २०१० पासून मुद्दाम केलेली आहे, आणि ती चांगलीच सोय आहे. आम्ही तो संदेश पोचपावतीच्या भावनेने वाचत असू. आणि तो अक्षरशः खरा होता. रक्कम जमा होतच होती. अर्जाच्या हिशेबाने ज्याच्या खात्यात ती पडली तो लाभार्थी. शब्दाचा वाच्यार्थ पुरता साधला होता. आमच्या मनात त्या शब्दाचा जो अर्थ होता तो मात्र आमच्या मनातच होता. ‘अर्थ’ म्हणजे पैसाही आणि आशयही, हा श्लेष झिजून गुळगुळीत झालेला आहे. पण त्या चार महिन्यांत तो आमच्या बाबतीत भलत्याच रीतीने फुटला, पैसा एकीकडे गेला आणि आशय दुसरीकडे राहिला.

या काळात आत्याशी फोनवर दोन-तीनदा बोलणे झाले. पाऊस, गुडघे, आंब्याचे साल. पैसे मिळाले का, असे आम्ही विचारले नाही. दिलेल्याची विचारपूस करणे म्हणजे उपकाराची आठवण देणे, असे आमच्या घरचे वळण. पैसे आले नाहीत, असे तिने सांगितले नाही. तिचे वळण तर त्याहून कडक. पूर्वी हे बोलणे तो कागद परस्पर करीत असे, म्हणून आम्ही दोघे सभ्य राहू शकत होतो. कागद गेला, सभ्यता तशीच राहिली, आणि तिच्यामुळे एका म्हाताऱ्या बाईने रक्तदाबाची गोळी दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या वर्षी गणेशचतुर्थी १ सप्टेंबरला होती. आम्ही गावी गेलो. घर सारवलेले, माटवी बांधलेली, नैवेद्याचे मोदक नेहमीसारखे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याने आंबोशीची आणि कोकमाची पिशवी आमच्या हातात दिली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, “यंदा ओढाताण दिसते तुमची. नाही जमलं तर राहू दे हो. माझं काय अडतं?” वाक्याचा अर्थ लागायला आम्हाला मिनिटभर लागले. मग आम्ही घाईघाईने फोन काढून तिला ते संदेश वाचून दाखवू लागलो, चारही, तारखांसकट, जणू आमच्यावर कोणी आरोप ठेवला होता. ती ऐकत राहिली. तिला त्यातले इंग्रजी कळत नव्हते. आमचा चेहरा मात्र कळत होता. विचारले का नाहीस, असे आम्ही म्हणालो तेव्हा तिने दिलेले उत्तर आजही जसेच्या तसे कानात आहे. “विचारायचं काय त्यात? संपात तरी कुठे विचारलं होतं?”

म्हणजे तिच्या लेखी आतोबांचा संप आणि आमचे चार महिने एकाच ओळीत बसले होते. पैसा पाठवणाऱ्यावर संकट आले की तो येत नाही, आणि आपण गप्प राहायचे. तिने आमच्यावर संशय घेतला नव्हता. आमची कीव केली होती. वाण्याची उधारी बावीसशेवर गेली होती आणि ती आमची कीव करीत होती.

दुसऱ्या दिवशी निघणे रद्द करून तालुक्याची शाखा उघडेपर्यंत थांबलो. पासबुक छापून घेतले. खाते उघडतानाचे पाचशे रुपये आणि त्यावरचे किरकोळ व्याज, एवढ्याच दोन ओळी. पुण्याला परत येऊन आमच्या शाखेत गेलो. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी कपाटातून आमचा मूळ अर्ज काढून समोर ठेवला. रकान्यातल्या त्या चाराकडे आम्ही बोट केले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले की त्यांनाही तो आठच दिसतो. मग आम्ही आमचा हुकमी मुद्दा काढला: क्रमांक चुकला असेल, पण वर नाव लिहिले आहे ना, आडनावासकट? नाव एक आणि खाते दुसऱ्याचे, हे कोणाच्याच लक्षात आले नाही? त्या म्हणाल्या, “सर, सिस्टीम नाव वाचत नाही.”

हे वाक्य आम्ही नंतर अनेकांना सांगितले आणि बहुतेकांनी ते विनोद म्हणून घेतले. तो विनोद नव्हता. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच स्पष्ट केले होते की केवळ खाते क्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करता येईल, आणि ग्राहकांना तशी कल्पना द्यावी. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात ती कल्पना दिलेलीही होती. नावाचा रकाना भरून घेत होते. पण तो औपचारिक होता, मंगलाचरणासारखा.

या नियमाचा आम्हाला प्रथम संताप आला. नंतर, स्वतःशी प्रामाणिक राहून विचार केला तेव्हा, त्याची बाजूही दिसली. आत्याचेच उदाहरण घ्या. माहेरचे तिचे नाव वेगळे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिले गेले ते वेगळे. वडील तिला अखेरपर्यंत माहेरच्या नावाने हाक मारीत, सासरचे दुसऱ्या. शिधापत्रिकेवर पतीचे नाव मध्ये, मतदार यादीत ते गायब, पासबुकात आडनाव आधी आणि इंग्रजी स्पेलिंग आणखी निराळे. अशा देशात यंत्राने नाव जुळवायचे ठरवले असते तर निम्मे पैसे रस्त्यातूनच परत गेले असते. आत्याला नावे दोन होती आणि खाते एक. जो एकमेव होता तो क्रमांकच.

मुळात या व्यवस्थेत पैसा जातो हे म्हणणेही लाक्षणिकच. ठरावीक वेळचे सगळे निरोप एका गठ्ठ्यात येतात. या बँकेने त्या बँकेला द्यायचे आणि त्या बँकेने हिला द्यायचे यांची वजाबाकी होते. आणि उरलेला फरक रिझर्व्ह बँकेच्या वहीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लिहिला जातो. २०११ मध्ये हे गठ्ठे तासातासाने आणि कामाच्या वेळातच निघत. १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, दर अर्ध्या तासाने निघतात. आमचे दोन हजार त्या वजाबाकीत कुठे विरघळले आणि आत्याच्या तालुक्यात पुन्हा कसे आकाराला आले, हे दाखवता येत नाही. वाहून नेला जातो तो फक्त एक निरोप: अमुक क्रमांकाला इतके द्या. त्या निरोपात माणूस येतच नाही.

हुंडी लिहिणाऱ्या सावकारांनी हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला होता. हुंडी कोणाला पटवायची यावरून त्यांनी तिला नावे दिली होती. नामजोग हुंडी ज्याचे नाव लिहिले आहे त्यालाच, धनीजोग ती ज्याच्या हाती असेल त्या धन्याला, आणि शहाजोग हुंडी पेठेत पत असलेल्या प्रतिष्ठित माणसालाच. आज आपण शहाजोग हा शब्द कोणाच्या बाबतीत वापरतो ते सांगायला नको. शब्दाचीही पत जाते. रकमेच्या बाबतीत तर त्यांची सावधगिरी विलक्षण. आकडा लिहून ते थांबत नसत. त्याचे निमे किती आणि त्या निम्म्याची दुप्पट किती हेही लिहीत, म्हणजे एका आकड्यात कोणी शेपटी जोडली तरी दुसरा चुगली करील. आमच्या अर्जावर तोच क्रमांक दोनदा लिहून घेण्यापेक्षा ही युक्ती सरस, कारण तिच्यात दुसऱ्यांदा लिहिताना हाताबरोबर डोक्यालाही काम होते. हुंडी हरवली तर पेठ निघे, पेठही हरवली तर परपेठ. हरवण्याची शक्यता त्यांनी गृहीतच धरली होती.

याच सुमारास वर्गात दामाजीपंतांचे आख्यान शिकवण्याचा प्रसंग आला आणि एरवी सुरळीत चालणारा तास अडखळला. मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लुटवली म्हणून बेदरच्या बादशहाने पंतांना पकडून नेले. इकडे विठू महार होऊन पांडुरंग दरबारात गेला, रक्कम भरली, पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत आणून ठेवली. तिथे पैसे पोचले आणि ज्याच्या नावावर ते गेले त्यालाच पत्ता नाही. आमच्याकडे याच्या उलट: देणाऱ्याच्या हातात चार पावत्या आणि पैसे पोचलेले नाहीत. आम्ही हे वर्गात बोललो नाही.

पैसे परत मिळवण्याचा मार्ग लांबचा होता. आमच्या बँकेने त्या बँकेला लिहायचे, तिने खातेदाराला, आणि त्याची संमती आली तरच रक्कम निघणार. कारण त्याच्या खात्यातून त्याच्या परवानगीवाचून काही काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. खातेदार कोण, हे आम्हाला सांगणार नव्हते. तेही योग्यच. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो. तिथले व्यवस्थापक निवृत्तीला आलेले, चहा मागवणारे गृहस्थ होते. त्यांनी नाव सांगितले नाही. पण चहा संपल्यावर, टेबलावरचा कागद उगाच सरळ करीत, सांगू नये ते सांगितले.

ते खातेदार एक वृद्ध होते. त्यांचा मुलगा बरीच वर्षे परमुलखात, पत्र नाही, पैसा नाही. मे महिन्यात पासबुकात दोन हजारांची ओळ दिसली, तिच्यापुढे नाव नव्हते, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरे. त्यांनी ती काउंटरवर दाखवून कुठून आले असे विचारले. बाहेरच्या बँकेतून, असे उत्तर मिळाले. बाहेरून म्हणजे मुलाकडून. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन हजार आले, त्याच तारखेला. तेव्हा ते शाखेत पेढे घेऊन आले होते. व्यवस्थापकांनीही एक खाल्ला होता.

आमच्याच्याने काही बोलवेना. सहा हजार त्यांच्या खात्यात तसेच होते, मुलाचे म्हणून त्यांनी जपून ठेवले होते. ते संमतीचा कागद येताच परत आले. खर्च झालेल्या दोन हजारांचे काही नको, असा निरोप आम्ही व्यवस्थापकांपाशी ठेवला. तरी जानेवारीत ते आमच्या खात्यात जमा झाले. पासबुकात सोळा वर्णांचा एक यूटीआर क्रमांक आणि त्या शाखेचे नाव, एवढेच उमटले होते. चार महिने आम्ही एका माणसाचा मुलगा होतो आणि मग त्याच्याकडून तो मुलगा रीतसर अर्ज करून काढून घेतला, असे कधी कधी मनात येते. दुसरे काय करता आले असते, हेही मनात येते. आत्याची उधारी होती, गोळ्या होत्या. पैसे तिचे होते.

आत्याला आम्ही आठ हजार रोख नेऊन दिले आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा मनीऑर्डर सुरू केली. मुलीने या वेळी काही म्हटले नाही. पोचपावत्या पुन्हा येऊ लागल्या. सही आता पुन्हा पहिल्यासारखी लटपटत होती. तळाच्या जागेत आम्ही थोडे अधिक लिहू लागलो. पावसाबद्दल विचारू लागलो. आत्या २०१४ मध्ये गेली. तिच्या डब्यात आतोबांच्या चिठ्ठ्यांखाली आमच्याही होत्या, तारखेवार, ‘सा. न. वि. वि.’च्या त्या सगळ्या रटाळ चिठ्ठ्यांसकट.

परवा एका प्रकाशकाला पैसे पाठवायचे होते. आता हे काम घरबसल्या होते आणि आकडे बोटाने दाबायचे असतात, त्यामुळे वळणाचा प्रश्न उरलेला नाही. खाते क्रमांक आणि शाखेची ती अकरा वर्णांची ओळ भरली, आणि पडद्यावर त्या गृहस्थांचे पूर्ण नाव उमटले; हेच का, अशी विचारणा झाली. ३० डिसेंबर २०२४ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने ही सोय एनईएफटी आणि आरटीजीएस या दोन्हींसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास सर्व बँकांना सांगितले होते. पैसे पाठवण्याआधी नाव दिसते. सिस्टीम आता नाव वाचू लागली आहे, निदान आपल्याला वाचून दाखवू लागली आहे.

२०११ चा तो अर्ज, म्हणजे त्याची आमच्याकडची छायाप्रत, फायलीत आहे. ती शाखा आहे, तिची अकरा वर्णांची ओळही तीच आहे. आत्याचे खाते बंद झाले. पण चाराच्या जागी आठ घालून होणारा तो दुसरा क्रमांक आम्हाला पाठ आहे, आणि तो पडद्यावर भरला तर, खाते अजून चालू असल्यास, एक नाव उमटेल. पैसे पाठवलेच पाहिजेत असे नाही. नाव पाहून मागे फिरता येते.

दोन-तीनदा शाखेपर्यंतची ओळ भरून झाली आहे. क्रमांक अजून घातलेला नाही.